ठराव आधी, सभा नंतर

माझ्या आयुष्यातला पहिला ऑनलाइन तास पन्नास मिनिटांचा होता आणि त्यातली चाळीस मिनिटं पडद्यावर एक वाळूचं घड्याळ उलटंसुलटं होत होतं. मंचरच्या एका सायबर कॅफेत, डोक्याला हेडफोन लावून मी ते घड्याळ मोठ्या भक्तिभावानं बघत बसलो होतो. मला वाटलं, अभ्यासक्रमाची सुरुवातच अशी असेल, आधी माणसाचा संयम बघत असतील. शेवटी कॅफे चालवणारी शीतल जवळ आली आणि म्हणाली, "काका, हँग झालंय ते. कधीपासून असेच बसलाय?"

तेव्हा मी पंचेचाळिशी ओलांडली होती आणि ग्रामसेवक म्हणून माझी निम्म्याहून अधिक नोकरी झाली होती. विषय होता लोकप्रशासन, पदवी एम.ए.ची. घरी हे सांगितलं तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी पोळी लाटता लाटता विचारलं होतं, "लोकप्रशासन शिकायचंय? मग एवढी वर्षं पंचायतीत काय करत होतात?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला दोन वर्षं लागली. ते उत्तर म्हणजेच हा लेख.

ज्यांचा ग्रामपंचायतीशी संबंध दाखल्यापुरताच येतो त्यांच्यासाठी आमच्या कामाबद्दल थोडं सांगतो. सरपंच लोकांनी निवडलेला असतो, ग्रामसेवक सरकारनं नेमलेला. जन्म-मृत्यूच्या नोंदी, नळ, गटार, दिवाबत्ती, वरून येतील तेवढी सर्वेक्षणं आणि या सगळ्यावर ग्रामसभेचं सचिवपद. गावात आम्हाला कुणी नावानं हाक मारत नाही. सगळे 'भाऊसाहेब' म्हणतात. भांडायला आलेला माणूससुद्धा "भाऊसाहेब, तुमच्या आयला" असंच सुरू करतो. माझं घर कळंबला आणि नोकरी सगळी आंबेगाव आणि जुन्नर या दोन तालुक्यांत. मोटारसायकलवर पुढं दप्तर ठेवून मी इतका फिरलोय की रस्त्यातले खड्डे मला ओळखायला लागले होते.

माणसं काय काय मागायला येत! एक गृहस्थ बैलाला रहिवासी दाखला मागत होते. शेजारच्या गावच्या यात्रेतल्या शर्यतीत तालुक्याबाहेरचे बैल घेणार नाहीत असं ठरलं होतं, आणि यांचा बैल नुकताच नगरकडून आणलेला. मी म्हटलं, "दाखला माणसाला मिळतो." ते म्हणाले, "भाऊसाहेब, माणसापरीस जास्त दिस तोच गोठ्यात ऱ्हातोय. मी निम्मा टाइम बाहेरच असतो." मी दाखला दिला नाही. पण यात्रेत बैल पळाला आणि दुसरा आला. कुणाच्या सहीशिक्क्यानं पळाला ते मी आजवर विचारलेलं नाही.

तर मी शिकायला का निघालो? खरं सांगायचं तर बढतीसाठी. ग्रामसेवकाच्या वर विस्तार अधिकारी असतो. तो पंचायत समितीत खुर्चीवर बसतो आणि आमची दप्तरं तपासतो. मला ती खुर्ची हवी होती. वर्तमानपत्रात एका विद्यापीठाची जाहिरात दिसली, नोकरी करता करता ऑनलाइन पदव्युत्तर पदवी. बी.ए. मी बाहेरून केलेलं होतंच. फॉर्म भरला.

पद्धत अशी होती. पुस्तकं टपालानं येत. बाकीचे धडे संकेतस्थळावर. आठवड्यातून एकदा मॅडमचा थेट तास. त्यांचा आवाज हेडफोनमधून यायचा आणि आपण प्रश्न टाइप करून विचारायचे. मराठी टाइप करायची भानगड त्या काळी कुणाला नीट जमत नसे, म्हणून स्वाध्याय हातानं लिहून, स्कॅन करून पाठवायचे. स्कॅनिंग शीतल करायची आणि करताना माझं उत्तर वाचायची. "काका, हे लईच पुस्तकी झालंय," असा शेराही मारायची. आणि या सगळ्यावर भारनियमन. मंचरला वीज कधी जाणार याचं वेळापत्रक मी खिशात ठेवत असे आणि त्याप्रमाणे गावची कामं मागंपुढं करत असे.

पण साहेब, पहिल्यांदा तो आवाज नीट ऐकू आला त्या दिवसाचं काय सांगू! मॅडम कुठल्या तरी लांबच्या शहरात बसल्या होत्या. वर्गात रत्नागिरीकडचा बंदरातला एक कारकून होता, गडचिरोलीकडची एक लिपिक बाई होती आणि आखातात नोकरीला गेलेला एक परभणीचा माणूस होता. मी एका बोटानं रोमन अक्षरांत 'नमस्कार' टाइप केलं आणि वाळवंटातून उत्तर आलं, 'नमस्कार भाऊ, पाऊस आहे का तिकडे?' मी हेडफोन काढला आणि दारात जाऊन आभाळाकडं बघून आलो, खरं उत्तर द्यायचं म्हणून. शीतल हसून हसून बेजार झाली. मला मात्र भरून आलं होतं. इतकी वर्षं मी एकट्यानं, एका खोलीत, एका कपाटाशेजारी बसून जे काम केलं तेच काम करणारी माणसं पृथ्वीभर पसरलेली आहेत हे मला तोवर कधी जाणवलं नव्हतं.

अभ्यासानंही मला असंच थक्क केलं. एका धड्यात असं होतं की सरकारचं धोरण राजधानीत ठरत असलं, तरी लोकांच्या वाट्याला प्रत्यक्षात जे येतं ते खिडकीत बसलेला शेवटचा माणूस ठरवतो. कुणाला आत घ्यायचं, कुणाला 'उद्या या' म्हणायचं, कुणाचं नाव लिहायचं, कुणाचं राहू द्यायचं. मी ते वाचलं आणि खुर्चीत ताठ झालो. तो शेवटचा माणूस म्हणजे मी! कळंबचा, दोन इंची हिशोबी मिशीचा, खोकल्याची गोळी चघळत बसलेला मी. मला अभिमान वाटला, आणि त्याच्या पाठोपाठ थोडी भीतीही वाटली. अभिमान लवकर उतरला.

तो उतरवला एका स्वाध्यायानं. विषय होता 'स्थानिक कारभारातील लोकसहभाग'. मी म्हटलं, हा तर आपल्या हातचा मळ. दहा पानं लिहिली. वर पुरावा म्हणून माझ्याच ग्रामसभेच्या प्रोसिडिंगच्या प्रती जोडल्या. प्रोसिडिंग म्हणजे सभेत काय झालं त्याची अधिकृत वही. माझं अक्षर पूर्वीपासून चांगलं. तालुक्यात माझं प्रोसिडिंग नमुना म्हणून दाखवायचे.

आता ती वही कशी तयार होते हेही सांगायला हवं. ग्रामसभेला ठरावीक माणसं हजर लागतात. ती कधीच येत नाहीत. मग सभा तहकूब करायची, आणि तहकूब सभेला संख्येचं बंधन नसतं. तरीही हजेरी भरलेली दिसलेली बरी, म्हणून पंचायतीचा शिपाई वही घेऊन घरोघर सह्या आणायचा. ठराव मी आदल्या दिवशीच लिहून ठेवायचो. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर. सभेच्या दिवशी पाचसहा जण चहा प्यायला जमायचे. हजेरीच्या पानावर खाली काही ओळी कोऱ्या सोडायच्या, म्हणजे राहिलेल्यांच्या सह्या मागाहून घेता येतात. ही कोऱ्या ओळींची युक्ती मला माझ्या आधीच्या भाऊसाहेबांनी शिकवली आणि मी पुढच्या तिघांना शिकवली. यात लबाडी आहे असं आमच्यापैकी कुणाला वाटत नव्हतं. काम अडू नये म्हणून करायचं असतं ते, अशी आमची समजूत.

मॅडमनी स्वाध्याय तपासून पाठवला. शेरा असा होता: 'हस्ताक्षर सुंदर. बारा ठराव वाचले. बाराही सर्वानुमते. तुमच्या गावात ज्याचं कुणाशी पटत नाही असा एकही माणूस नाही का? या सभेत कोण काय बोललं ते मला कुठंच सापडलं नाही.'

आमच्या गावात! बांधावरून तीन पिढ्या कोर्टात असलेल्या गावात! मी तो शेरा तीनदा वाचला. आधी राग आला. या बाईंनी कधी ग्रामसभा बघितली आहे का, असं मी शीतललाच विचारलं. ती म्हणाली, "मग दाखवा की त्यांना एक."

तेव्हा माझ्याकडं खोडदच्या अलीकडचं एक गाव होतं. नाव सांगत नाही, तिकडच्यांना कळेलच. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या, आकाशातले संदेश टिपणाऱ्या तबकड्यांच्या त्या रांगा आमच्या शिवारातून दिसतात. त्या गावात मी दोनदा होतो, एकदा नव्वदच्या दशकात आणि आता दुसऱ्यांदा. सरपंच होते तात्या. टोमॅटोचे मोठे बागायतदार, माणूस तसा सरळ. त्यांचं म्हणणं, आपल्या गावात टोमॅटो खरेदीची शेड व्हावी, म्हणजे नारायणगावच्या बाजारात क्रेटच्या रांगेत ताटकळायला नको. त्यात चूक काहीच नव्हतं. जागा म्हणून त्यांनी ओढ्याकाठचं सपाट गायरान हेरलं होतं. ग्रामसभेनं ठराव करायचा, मग प्रस्ताव वर पाठवायचा.

त्या गायरानाच्या वरच्या कडेला पावसाळ्याचे चार महिने धनगरांची चौदा खोपटं असत. दिवाळी झाली की ती माणसं मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जात आणि जेठात, पावसाच्या तोंडावर, परत येत. सव्वीस जानेवारीची आणि एक मेची सभा त्यांना कधी सापडलीच नव्हती. पंधरा ऑगस्टला ती गावात असत, पण दवंडी ओढ्याच्या अलीकडं थांबायची. रामभाऊ शिपाई माझ्या पहिल्या खेपेपासून तिथंच होता. त्याला मी म्हटलं, "या वेळी पलीकडं जाऊन सांग."

"भाऊसाहेब, वढ्याच्या पलीकडं आजवर कधी दवंडी दिली न्हाई."

"म्हणून तर जा."

"आन ती माणसं खरंच आली तर?" रामभाऊनं काळजीनं विचारलं.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं आणि शाळेच्या पटांगणातच सभा बसली. मी वही उघडली. तात्यांनी डोकावून पाहिलं आणि दचकले. "भाऊसाहेब, कोरी वही? तब्येत बरी हाय ना?" मी म्हटलं, "आज बोलतील तसं लिहिणार आहे. अभ्यासाला लागतंय." तात्या हसले. त्यांना वाटलं, पाच मिनिटांचं काम आहे.

पाच मिनिटांत मागची बाजू भरली. खांद्यावर घोंगड्या टाकलेले पुरुष आणि त्यांच्या पुढं बायका. धनगरांमागोमाग गावातलीही माणसं आली, काहीतरी होणार म्हणून बघायला. माइक नव्हता. मागून कुणीतरी ओरडलं, "राव, त्या तबकड्यांना ताऱ्यांचं ऐकाय येतं म्हणत्यात, आमाला तात्यांचं ऐकाय येईना." तात्यांनी आवाज चढवून शेडचा विषय मांडला. 'सगळ्यांना मान्य?' असं ते विचारणार, तेवढ्यात एक बाई उभी राहिली. हौसाबाई. साठीची, काटक, कपाळावर गोंदण. धनगरांच्या त्या चौदा घरांत तिचा शब्द चालायचा.

"तात्या, तितं शेड झाल्यावर आमी चार महिनं जायचं कुटं, ते आदी सांगा."

"हौसाबाई, सगळ्या गावाचं भलं हाय त्यात," तात्या म्हणाले.

"भलं व्हईल तवा व्हईल. सरावणात वढा कुटनं चढतो, तुमाला ठावं हाय का?"

ती पुढं आली आणि काठीनं पटांगणाच्या मातीत ओढा काढला. पाणी सरळ येत नाही, आधी वडाच्या मुळाशी तुंबतं, तिथून आडवं फुटतं आणि सपाटीवर गुडघाभर चढतं, मग तीन दिवस उतरत नाही. कुठल्या दगडाला पाणी लागलं की मेंढरं हलवायची, तेही तिनं सांगितलं. त्या गायरानाचा नकाशा माझ्या कपाटात होता. त्यावर ओढा म्हणजे एक निळी रेघ होती. ही बाई निरक्षर, पण त्या जमिनीचं रोजचं वागणं तिला तोंडपाठ होतं. मी लिहिता लिहिता आ वासून बघत राहिलो.

"आमी वरल्या अंगाला बसतो," ती म्हणाली. "पाणी चढलं की मेंढरं वर हाकतो. मेंढरं पाय उचलत्यात, तात्या. तुमच्या ट्रका उचलत्यात का?"

हशा पिकला. एक शेतकरी उठून म्हणाला, "खरंय तिचं. माजा ट्रॅक्टर तितंच रुतला व्हता, दोन दिस निघंना." दुसरा म्हणाला, रस्त्याकडची जुनी मुरमाची खाण पंचायतीच्याच ताब्यात आहे, ती सपाट करा की, चिखल व्हायचा नाही. तिसऱ्यानं त्याला खोडून काढलं. दोघं भाऊ, एकमेकांशी वर्षभर न बोलणारे, त्या दिवशी ग्रामसभेत एकमेकांशी बोलले. माझा हात दुखायला लागला. मी लिहीत होतो, पान उलटत होतो, पुन्हा लिहीत होतो. वीस वर्षांत पहिल्यांदा मला प्रोसिडिंग लिहायला वेळ पुरत नव्हता. माझ्या डोळ्यांसमोर गाव बोलत होतं आणि मला इतका आनंद झाला होता की, खोटं कशाला सांगू, दोन वेळा डोळे पुसावे लागले.

मग तात्या चिडले. हरायला आलेला माणूस कागद शोधतो. त्यांनी कपाटातून जुनी वही मागवली, पान काढलं आणि म्हणाले, "हौसाबाई, आज लई बोलताय. मागं मेंढरांचा पाणवठा बुजवून यष्टीच्या थांब्याची शेड केली, त्या ठरावाला तुमचाच आंगठा हाय. हे बगा, सव्वीस जानेवारीची सभा. तवा तोंडात मिठाची गुळणी व्हती का?"

अक्षर माझंच होतं. ती माझी पहिली खेप.

हौसाबाई इतक्या जोरात ओरडली की शाळेच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. "सव्वीस जानेवारीला मी घाटाखाली व्हते! आमचं आक्खं बिऱ्हाड व्हतं! मग माजा आंगठा काय एकटाच हितं सबंला आला व्हता?"

ती थांबली नाही. जेठात परत आल्यावर रामभाऊ वही घेऊन आला होता, 'नाव लावायचंय, आंगठा द्या' म्हणाला होता, तिनं दिला होता. दुसऱ्या दिवशी मेंढरं पाण्यावर नेली तर पाणवठ्यात मुरूम पडलेला. "दहा वर्सं झाली, मेंढरं पाण्याला कालव्यापत्तर नेतोय आमी. आन वर आमीच आंगठा दिला म्हणत्यात!"

सगळं पटांगण माझ्याकडं बघत होतं. रामभाऊ मान खाली घालून उभा होता. त्या गरिबाचा काय दोष? त्याला मीच पाठवलं होतं. त्या कोऱ्या ओळी मीच सोडल्या होत्या. मी उभा राहिलो. म्हटलं, "तो अंगठा सभेनंतर चार-पाच महिन्यांनी मी घ्यायला लावला. हौसाबाई त्या सभेला नव्हत्या. चूक माझी आहे." एवढंच बोललो आणि खाली बसलो.

मग हात वर झाले. मी दोनदा मोजले. बहुमत खाणीच्या बाजूनं होतं. शेड खाणीत करायची, ओढ्याकाठच्या गायरानाला हात लावायचा नाही.

चार दिवसांनी तात्या कळंबला घरी आले. रागात नव्हते, उलट माझ्या काळजीनं आले होते. "ठराव ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "लोकांनी केलाय, मला मान्य हाय. पर त्या आंगठ्याचं काढून टाका. म्या बी रागात बोलून गेलो. पानं अजून पक्की लिवली न्हाईत तुमी. वर गेलं तर तुमच्या नोकरीवर येईल, भाऊसाहेब. हौसाबाईला काय, गायरान मिळालं, तिचं काम झालं."

खरंच झालं होतं का तिचं काम? तो अंगठा वहीत तसाच राहिला तर उद्या दुसरा सरपंच, दुसरा भाऊसाहेब तेच पान काढणार आणि म्हणणार, या लोकांची संमती असते, ही माणसं आधी अंगठा देतात आणि मग ओरडतात. गायरानही मग किती दिवस राहणार? हे मला कळत होतं. पण बढतीची यादी निघायची वेळ होती, हेही कळत होतं. शीतलच्या कॅफेत बसून मी सगळी हकिगत अभ्यासक्रमाच्या चर्चेच्या पानावर टाकली, गावाचं नाव न घेता. बंदरातल्या कारकुनानं लिहिलं, 'आधी स्वतःला वाचवा.' गडचिरोलीच्या बाईंनी लिहिलं, 'लिहा भाऊ, आमच्याकडं असं कुणीच लिहीत नाही.' आखातातून प्रश्न आला, 'त्या बाईंना विचारलंत का?' मॅडमचं उत्तर सगळ्यांत शेवटी आलं. एकच ओळ होती: 'या प्रश्नाला गुण नाहीत.'

घरी जाऊन मी सभेतली घाईची टिपणं पक्की लिहून वही पुरी केली. अकरा पानं झाली. अंगठ्याचा मजकूर नवव्या पानावर आला, जसा ती बोलली तसा, आणि त्याखाली माझी कबुली.

त्याचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो. चौकशी झाली. लेखी ताकीद मिळाली, सेवापुस्तकात नोंद झाली. विस्तार अधिकाऱ्यांच्या यादीत माझं नाव आलं नाही, पुढंही कधी आलं नाही. त्या खुर्चीवर बसून दप्तर तपासायची हौस राहिली ती राहिलीच, आणि त्याचं वाईट वाटत नाही असं म्हणणं खोटेपणाचं होईल. पदवी मात्र मिळाली, दुसऱ्या वर्गात. पुण्याच्या केंद्रावर परीक्षा द्यायला गेलो तेव्हा तिथल्या पर्यवेक्षकांनी मला पालक समजून बाहेर थांबायला सांगितलं होतं.

पण दोन ऑक्टोबरची सभा मला सांगायची आहे.

ग्रामसभेचा पहिला विषय नेहमी एकच असतो, मागील सभेचं प्रोसिडिंग वाचून कायम करणं. वाचायचं कुणी नसतं. भाऊसाहेब 'वाचून कायम' असं पुटपुटतात आणि पुढचा विषय घेतात. तात्यांनीही सवयीनं तसंच म्हटलं. तोच त्या ट्रॅक्टरवाल्यानं हात वर केला. "वाचा, भाऊसाहेब. मी काय बोललो व्हतो ते ऐकू द्या."

मी वाचायला लागलो. ज्याचं नाव येई तो सरसावून बसायचा, शेजारचा त्याला कोपरानं ढोसायचा. स्वतःचे शब्द सरकारी वहीतून परत ऐकताना माणसांचे चेहरे कसे होतात ते मी त्या दिवशी बघितलं. काही ओशाळले, बरेचसे ताठ झाले. ओढ्याचं वर्णन वाचलं तेव्हा मागची धनगर मंडळी माना डोलवत होती.

नववं पान आलं. मी भरभर वाचलं, वाक्य संपवलं, पुढची दोन पानं वाचून वही मिटली आणि विचारायचं म्हणून विचारलं, "कुणाची काही दुरुस्ती?" हा प्रश्न मी नोकरीभर लिहिला होता. विचारला नव्हता कधी.

हौसाबाई उभी राहिली. "येक हाय."

मला वाटलं, आता काय राहिलं असेल? तात्याही मान वळवून बघायला लागले.

"तुमी लिवलंय, हौसाबाई म्हणाल्या. मी म्हणले न्हाई, भाऊसाहेब. वरडले व्हते. दहा वर्सं गप बसले, मग वरडले. तसं लिवा."

मी वही पुन्हा उघडली. 'म्हणाल्या' हा शब्द खोडला, त्यावर 'ओरडून म्हणाल्या' असं लिहिलं आणि बाजूला सही केली. मग दुरुस्त केलेलं वाक्य वाचून दाखवलं. हौसाबाई नीट ऐकू यावं म्हणून दोन पावलं पुढं आली, कानामागं हात धरला आणि म्हणाली, "अजून मोठ्यानं."

मी खुर्चीवरून उठलो, वही दोन्ही हातांनी वर धरली, आणि ओरडून वाचलं.